चुंबळीवरची परात

मांडा हातावर असताना शिंक आली तर काय करायचं, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. मान वळवून आपल्याच खांद्यात शिंकायचं आणि हात हलू द्यायचे नाहीत, एवढंच असतं ते. पण हे कळेपर्यंत माझे दोन मांडे चुलीत गेले आणि एक यजमानीणबाईंच्या पायावर पडला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "चालू द्या." तेव्हापासून चालूच होतं. आता गुडघे बसू देत नाहीत म्हणून थांबले, नाहीतर हे लिहायलाही वेळ मिळाला नसता.

ज्यांनी मांडे करताना बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू ओलवून दळायचा, पीठ कापडातून चाळायचं. कणीक इतकी तिंबायची की ओढली की यावी आणि तुटू नये. आत पुरण भरायचं. त्या गोळ्याची आधी तळहाताएवढी पुरी करायची, ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि झोका देत, फिरवत कोपरापर्यंत वाढवत न्यायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. परातीएवढा झाला की चुलीवरच्या खापरावर पसरायचा. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं, बूड वर. भाजला की घडी घालून टोपलीत. बांगड्या काढायच्या, नखं कापायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बोटं मिटलेली ठेवायची. नवीन बाई घाबरली की तिची बोटं उघडतात आणि मांड्याला पाच भोकं पडतात. भोकं मोजली की बाई किती घाबरली होती ते कळतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जैनाबादचा एक केळीवाला शेतकरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नदी ओलांडून यायचा, खिशात सुती दोरी घेऊन. त्याच्या आईच्या मांड्याचं माप होतं ते. माझा मांडा तो दोरीनं मोजायचा आणि म्हणायचा, "दोन बोटं कमी आहे, पण द्या." बरीच वर्षं मी दोन बोटं कमी राहिले. मग एका आखाजीला मांडा दोरीला बरोबर बसला. तो बराच वेळ बघत राहिला, घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षी आलाच नाही. दोरी धुण्यात आटली असणार, हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण मी बोलले नाही. ते एक राहून गेलं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण संपादकांनी पानं मोजून दिली आहेत, तर मी शोभाच्या भारतीचंच सांगते.

आम्ही चार बायका मिळून काम करायचो, बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात माझ्या घराच्या मागच्या पडवीत. त्यातली शोभा सगळ्यात चांगली. माझ्यापेक्षाही चांगली, हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझ्याकडे आल्यापासून तिचा मांडा एकदाही फाटला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शोभाचा एकच त्रास होता. दुपारी दीड वाजला की ती हातातलं काम टाकून उठायची. खापर तापलेलं, पुरण भरलेलं, गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं, आणि आमची शोभा पदराला हात पुसत गल्लीतून पळायची. शाळेची मधली सुट्टी असायची आणि तिला पोरीला भरवायला जायचं असायचं. पोरगी पाचवीत होती.

भारती आठ महिन्यांची असताना मोठा ताप आला. ताप गेला तो उजवी बाजू घेऊन गेला. पाय थोडा ओढायची, पण चालायची. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. डोकं मात्र वकिलाचं. पाढे पाठ, आणि तोंडही पाठोपाठ. ती वर्षं अशी होती की सरकारनं नवीन काढलं होतं, अशा मुलांना वेगळ्या शाळेत नाही ठेवायचं, साध्या शाळेतच सगळ्यांबरोबर बसवायचं. 'समेकित शिक्षा' असं त्याचं नाव होतं. त्यासाठी एक मॅडम दर गुरुवारी लूनावर बसून यायच्या. आम्ही त्यांना गुरुवारच्या मॅडमच म्हणायचो.

आता तुम्ही विचाराल, उजवा हात नाही चालत तर डाव्यानं का नाही खायची. तेच तर. डावा हात चांगला धडधाकट होता. त्यानं ती लिहायची, वेणीला रिबीन बांधायची, भांडणात चिमटेही काढायची. पण डाव्या हातानं जेवायचं नाही. तिची आजी, आम्ही सगळे तिला जिजी म्हणायचो, तिच्या घरात ते चालत नव्हतं. म्हणून शोभा भरवायची. लवकर उरकावं म्हणून मऊ भात कालवून न्यायची आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून दहा वर्षांच्या पोरीला घास घालायची. सगळी शाळा बघायची.

जिजीला मी नावं ठेवणार नाही, कारण मीही तेच केलं होतं. भारती चार वर्षांची होती तेव्हा आईबरोबर पडवीत यायची. एकदा तिनं पुरणाच्या पातेल्यात हात घातला, डावा. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "हा नाही बाळा, तो." तिनं त्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग डावा हात मांडीखाली घालून बसली. पुढे सहा वर्षं आमच्या पडवीत ती तशीच बसायची, हातावर बसून. मला वाटायचं पोरीला सवय आहे.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत गुरुवारच्या मॅडम पडवीत आल्या. म्हणाल्या, सहावीपासून शाळा सिंधीपुऱ्याकडे आहे, लांब. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं आहे की जिला जेवायला आई लागते ती मुलगी आम्हाला जमणार नाही. मॅडम खंडव्याकडच्या होत्या, अर्धं हिंदीत बोलायच्या. "जूनपर्यंत खुद का टिफिन खुद खाएगी, तो भर्ती मैं करवा दूँगी. नाही तर, शोभाताई, मेरे हाथ में कुछ नहीं है."

शोभा मांडा फिरवत होती. फिरवतच म्हणाली, "मग बसेल घरी. मी आहे ना."

भारती दारात बसली होती, हातावर. ती म्हणाली, "तू कवापर्यंत आहे?"

शोभानं मांडा खापरावर टाकला. फाटला नाही. तिनं लगेच पुढचा गोळा घेतला.

खरं सांगते, मी मधे पडले ते दयेनं नाही. लग्नसराई तोंडावर होती आणि दीड वाजता माझी सगळ्यात चांगली बाई पळून जात होती. पोरगी सिंधीपुऱ्याला गेली आणि ही तिथपर्यंत पळायला लागली, तर अर्धा दिवस गेला. घरी बसली तर शोभाच येणार नाही. मी म्हटलं, "परीक्षा झाल्या की भारतीला माझ्याकडे पाठव. मी बघते."

भारती म्हणाली, "मी खाईन मावशी. पण टिफिन मीच बनवणार."

"तो काबरं?"

"आई मऊ भात देते. पहिलीपासून शाळेत मऊ भात. मला कडक भाकरी पाहिजे. अन् ठेचा."

आधी जिजी. मी संध्याकाळी गेले, ती उंबऱ्यात सुपारी कातरत बसली होती. विषय काढल्याबरोबर म्हणाली, "सुमन, आमच्या घरी डाव्या हातानं कोणी जेवलं नाही. अन् आता पोर अन्न शिजवणार डाव्या हातानं?"

मी म्हटलं, "जिजी, आखाजीला तुम्ही माझ्याकडचे मांडे नैवेद्याला घेता ना?"

"घेते."

"मांडा दोन्ही हातांवर होतो. डावा लावला नाही तर एका बाजूला लोंबतो. म्हणजे तुमच्या नैवेद्याचा अर्धा मांडा डाव्या हाताचा. कोणता अर्धा ते दाखवा, यंदा तेवढा कापून ठेवते."

जिजीनं अडकित्ता थांबवला. मग म्हणाली, "मी बघणार नाही."

"काय?"

"ती जेवेल तेव्हा मी भिंतीकडे तोंड करीन. मी बघितलं नाही तर मला माहीत नाही."

याच्यापेक्षा चांगला तोडगा मला आजतागायत कोणी सांगितलेला नाही.

एप्रिलमध्ये सुरू केलं, आधी शोभाच्याच घरी. तिच्या नवऱ्यानं, रमेशनं, नुकताच स्वयंपाकघरात ओटा बांधून घेतला होता, काळ्या दगडाचा. तो बुऱ्हाणपूरभर सांगत फिरायचा. भारती ओट्याशी उभी राहिली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, डाव्या हातानं मळायला गेली तर परात फिरली. परत धरली, परत फिरली. तिसऱ्यांदा परात ओट्यावरून खाली आणि पीठ रमेशच्या नव्या फरशीवर. मॅडमनी ट्रेनिंगच्या पुस्तकातलं चित्र आणलं होतं, खिळे ठोकलेली फळी, त्यात कांदा रुतवायचा आणि एका हातानं कापायचा. चांगलं होतं. पण परातीचं चित्र त्यात नव्हतं. ते पुस्तक लिहिणाऱ्यांकडे भाकरी नसणार.

मी बघत बसले होते. मला एकदम वाटलं, अरे, ही उभी का आहे. उभ्या माणसाचे पाय नुसते उभं राहण्यात जातात. आम्ही जन्मभर जमिनीवर बसून काम केलं. विळीला पाय, मुसळाला पाय, मांडीत डबा, गुडघ्यात नारळ. बसलेल्या बाईला चार हात असतात. ओटा म्हणजे त्यातले दोन कापणं झालं.

मी म्हटलं, "भारती, बस खाली."

पाण्याचा हंडा डोक्यावर ठेवताना कापडाची गोल चुंबळ करतात, तशी जुन्या लुगड्याची चुंबळ करून ओली केली, तिच्यावर परात बसवली. ओली चुंबळ फरशीला धरते. वर उजव्या पायाचा तळवा परातीच्या काठाला लावायला सांगितला. ओढायचा पाय, पण दाबायला मजबूत. पीठ मळलं गेलं. परात जागची हलली नाही.

आतल्या खोलीतून आवाज आला, "अन्नाला पाय लावते का ती?"

मी म्हटलं, "परातीला लावते, जिजी. धुतलेला आहे."

मग जिजी म्हणाली, "माझं तोंड भिंतीकडेच आहे."

तिथून पुढे रोज सकाळी ती माझ्या पडवीत यायची. कांदा विळीवर, कारण विळीला एकच हात पुरतो, पातं उभं असतं. मॅडमनी ते खिळ्यांच्या फळीचं चित्र परत नेलं. डब्याचं झाकण मांडीत दाबून. ठेचा वाटायला खलबत्ता नाहीच, तव्यावर मिरची-लसूण भाजायचं आणि तिथंच वाटीच्या बुडानं रगडायचं, आपल्याकडे तसाच करतात. भाकरी परातीतून एका हातानं उचलली की मोडायची. मग मी थालीपिठाची युक्ती लावली. ओल्या फडक्यावर थापायची, फडक्याखाली तळहात घालायचा, तव्यावर उपडी करायची आणि फडकं सोलून घ्यायचं. पहिली भाकरी झाली तेव्हा मी म्हटलं, "फार जाड झाली वं."

ती म्हणाली, "दोन भाकरी एकत्र आहेत, मावशी."

आता माझी चूक सांगते. भाकरी थापायची कशी, टाकायची कशी, सगळं मी तिच्यासाठी बदललं होतं. पण उलटायची मात्र बोटांनीच शिकवली. आमच्यात उलथणं वापरणारी बाई कच्ची समजतात. खापरावरचा मांडा मी हातानं उचलते, आणि माझी शिष्या तव्यावरची भाकरी उलथण्यानं उलटणार, हे माझ्या नाकाला सोसवत नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी भाकरीची वाफ फुटली आणि भारतीची तीन बोटं पोळली. डाव्या हाताची.

माणसाचा एक हात पोळला तर दुसरा असतो. तिला दुसरा नव्हता. चार दिवस तिला पाणीसुद्धा शोभानं पाजलं. वेणी शोभा, बटणं शोभा, मऊ भात शोभा. शोभा कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली.

"अक्का, एकच हात होता माझ्या पोरीजवळ. तो तुला शिकवायला दिला होता मी."

मी म्हटलं, "बस तरी."

"बसत नाही. आता बास झालं. मी भरवीन. मी मरेपर्यंत भरवीन. मग पुढचं पुढं."

ती गेली. त्या दिवशी आम्ही तिघीच होतो.

दोन दिवसांनी सकाळी भारती एकटीच आली. बोटांना फडकं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, हात दाखव."

मी दाखवले. मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग. खापराचे.

"एवढे कसे?"

"काम करताना होतात."

"अन् दोन हात असून झाले?"

"झाले."

तिनं माझे डाग एक एक करून मोजले. मग म्हणाली, "आईला हे दाखवलं का कोणी?" शोभाच्याही हातावर तसेच आहेत, रोज दिसतात. पण ती म्हणाली ते मला कळलं, की दोन हातवालीही भाजते आणि म्हणून कोणी काम सोडत नाही. मग तिनं विचारलं, "ते काय आहे?" आणि हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. तिथं उलथणं टांगलं होतं.

मी म्हटलं, "ते कच्च्या बायकांचं आहे."

"मी कच्चीच आहे. दे."

मी उठून दिलं. उठताना माझे गुडघे वाजले.

जूनच्या पहिल्या गुरुवारी मॅडम शोभाच्या घरी आल्या. शेगडी आता खाली जमिनीवर होती. रमेशनं शेगडीच्या बटणाला लाकडी पट्टी बसवून घेतली होती, भारती ती उजव्या कोपरानं फिरवायची आणि डाव्या हातानं लायटर मारायची. ओट्यावर त्यानं देव मांडले होते, ओटा वाया जाऊ नये म्हणून.

भारती बसली. चुंबळ, परात, पाय. भाकरी थापली, टाकली, उलथण्यानं उलटली. ठेचा रगडला. डब्यात भरलं, झाकण लावलं, मांडीत धरून परत उघडलं. मग डाव्या हातानं भाकरी मोडली आणि खाल्ली. कडक होती, आवाज येत होता. जिजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी. आमच्यावर तिचा राग होताच, पण पोरीच्या हट्टापुढं तिनं अडवलं नव्हतं. घास तोंडात गेला की तिचं तोंड थोडं उघडायचं, लहान मुलाला भरवताना आईचं उघडतं तसं.

मॅडमनी वहीत लिहिलं. मग शोभाला विचारलं, "कुछ पूछना है?"

शोभा म्हणाली, "तिथं तिला पाणी कोण देईल?"

भारती घास चावता चावता म्हणाली, "मटका देईल."

आणि भिंतीकडून जिजी म्हणाली, "भाजल्याचा वास चांगला येतो. एक तुकडा इकडे द्या. कोणी केली ते मला सांगू नका."

भारती आता खरगोनला असते. कचेरीत आहे, एकटी राहते. घरमालकाचा ओटा ती फक्त पेपर ठेवायला वापरते, त्याला अजून नवल वाटतं. तुम्हाला वाटत असेल की ती पुढे मांडे शिकली. नाही शिकली. उजवा खांदा तेवढा वर जात नाही. मी दोनदा प्रयत्न करून बघितला, तिनं माझ्या समाधानासाठी एकदा. शिवाय तिला मांडे आवडत नाहीत, फार गोड असतात म्हणते. आली की माझ्या घरी भाकरी करते आणि उलथणं मागून घेते. मीही आता उलथणंच वापरते. हे तुम्ही बाकीच्या बायकांना सांगू नका.

पण मला सांगायचा होता तो शाळेचा पहिला दिवस. वटपौर्णिमेची मोठी ऑर्डर होती. शोभा पुन्हा कामावर यायला लागली होती, राग धरूनच, पण हात रोजच्यासारखे चालत होते. भारती सकाळी डबा घेऊन, पाय ओढत, दुसऱ्या दोन मुलींबरोबर सिंधीपुऱ्याकडे गेली होती. आम्ही दुपारपर्यंत काम करत राहिलो. पडवीत घड्याळ होतं, मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसले. पण शोभाला घड्याळ लागत नव्हतं.

दीड वाजला तेव्हा तिच्या हातावर मांडा होता, कोपरापर्यंत आलेला. ती उठायला लागली. अर्धी उठली. मग तिला आठवलं की कुठं जायचं नाही. तशीच अर्धी उठलेली राहिली, मांडा हातावर घेऊन, आणि तिची बोटं उघडली.

पाच भोकं पडली. मी मोजली.

फाटलेला मांडा गिऱ्हाइकाला देत नाहीत. मी तो तसाच भाजला आणि चौघींत वाटला. शोभा खाली बसली. तुकडा हातात धरून बसली, खाईना. मग म्हणाली, "अक्का, आता खात असेल ना वं ती?"

मी म्हटलं, "तू खा."